लूम रूम

सुरतेत हेडफोनचं प्रदर्शन भरणार, ही बातमी शौकिनांच्या मोबाइल ग्रुपवर आली तेव्हा विशाखा तायडेला ती थट्टाच वाटली. असली प्रदर्शनं मुंबईत भरतात, बंगळुरात भरतात. सुरतेत भरतात ती साड्यांची, हिऱ्यांची, फार तर मशिनरीची. पण बातमी खरी निघाली. वेसूतल्या एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये, शुक्रवार ते रविवार. विशाखानं त्याच मिनिटाला नाव नोंदवलं आणि मग रोज एकदा तो पास मोबाइलवर उघडून बघत राहिली.

तिचं पोट कानांवर चालायचं. मुलाखती, सुनावण्या, मालिकांचे भाग ऐकून ती घरी बसून टंकून द्यायची. मराठी, हिंदी, गुजराती, जे येईल ते. गोडादऱ्यातल्या त्यांच्या घराखाली भरतकामाच्या मशीन दिवसभर खडखडत, म्हणून पहिला हेडफोन गरजेपोटी आला. गरजेचा शौक कधी झाला, हे तिचं तिलाही कळलं नाही. चांगल्या हेडफोनमध्ये गाणारीनं सूर लावायच्या आधी घेतलेला श्वास ऐकू येतो, हे एकदा कळल्यावर त्या श्वासासाठी ती एक विकून दुसरा घेऊ लागली, दुसरा विकून तिसरा. आई, रंभाबाई, कपाळाला हात लावायची. "कान दोनच आहेत तुले, आन् डबे किती हे!"

शुक्रवारी ती शुभमच्या स्कूटरवर बसून गेली. शुभम ग्रुपवरचाच; उधन्याला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ग्रुपमधल्या बाकी कुणाला ती प्रत्यक्ष भेटलेली नव्हती, पण याच्याशी दोन वर्षांत चांगली मैत्री झाली होती.

हॉलमध्ये शिरल्यावर ती दारातच थांबली. गार हवा, पाय बुडेल असा गालिचा, आणि एवढी माणसं असून गोंगाट नाही. जो तो कानांवर काहीतरी चढवून डोळे मिटून बसलेला. कुणाची मान हलत होती, कुणाचं बोट टेबलावर ताल धरून होतं. घरी तिच्या या वेडाला कुणी विचारत नसे, आणि इथे एक टक्कल पडलेले आजोबा अनोळखी पोराला हाताला धरून सांगत होते, "हे ऐक, ढोलकीची कातडी ऐक." विशाखाला भरून आलं. एका टेबलावर तिनं मागून जाळीचा, उघड्या पाठीचा, जपानी बनावटीचा हेडफोन लावला आणि एका जुन्या लावणीचं रेकॉर्डिंग लावलं. गाणारी कुठे उभी, पेटीवाला कुठे बसलेला, बोट ठेवून दाखवता आलं असतं. शेवटी मागे रांगेतला माणूस खाकरला तेव्हा कुठे तिनं तो काढला.

"आता तिकडे चल," शुभम म्हणाला. "'स्तब्ध'च्या स्टॉलवर. सगळे तिकडेच जातायत."

'स्तब्ध' ही सुरतेचीच नवी कंपनी. बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन करायची. तिच्या स्टॉलवर काचेची एक खोली उभी केली होती आणि वर इंग्रजीत लिहिलं होतं, लूम रूम. खोलीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडमधला खराखुरा आवाज पूर्ण ताकदीनं सोडायचे. एकेक जण आत जायचा, आवाज सुरू झाला की दचकायचा, कान दाबायचा, तोंड वेडंवाकडं करायचा. बाहेर त्याचे मित्र हसत हसत व्हिडिओ काढायचे. मग आतला माणूस हेडफोन चढवायचा, बटण दाबायचा, आणि चेहरा एकदम सैल पडायचा. बाहेर टाळ्या.

विशाखाही रांगेत उभी राहिली. आत गेली. आवाज सुरू झाला तसा तो आधी कानांत नाही, दातांत शिरला. तिला तो ओळखीचा होता. लहानपणी ती बापाचा, भाऊरावचा, डबा घेऊन बमरोलीच्या शेडमध्ये जायची. तिथे कुणी कुणाशी बोलत नसे, हातांनीच खुणा करत. बाप आता राहिला नव्हता. त्याच शेडमध्ये, त्याच शेठकडे, आता तिचा थोरला भाऊ प्रमोद कामाला होता.

तिनं हेडफोन चढवला, बटण दाबलं, आणि लूम गेले. नुसते कमी झाले नाहीत, गेले. मागे राहिली गार, स्वच्छ शांतता. काय बनवलंय यांनी, ती मनात म्हणाली. हे आपल्याला पाहिजे. कसंही करून पाहिजे. असा विचार करत, हसत ती पलीकडच्या दारानं बाहेर आली, आणि समोर प्रमोद होता.

छतापासून जमिनीपर्यंत प्रमोद. बनियनवर, केसांत कापसाची भुरभुर, भुवईवर लहानपणी पतंगाच्या मांज्यानं कापल्याची खूण, कानांवर काळा हेडफोन, डोळे मिटलेले, ओठांवर हसू. खाली हिंदीत मोठ्या अक्षरांत : 'नरक के शोर से, स्वर्ग की शांति तक.'

तिला हिवाळ्यातली गोष्ट आठवली. प्रमोद कामावरून येऊन हसत सांगत होता, "आज शेडमध्ये शूटिंगवाले आल्ते वं. मांजरीच्या शेपटासारखा माइक होता त्यायचा. आमच्या कानावर टोपडं घातलं, फोटू काढले. म्हने सगळ्यायले एकेक देऊ. मग काढून घेतलं आन् माह्या समोरच कापसानं पुसलं. तेल लागलं म्हने तुह्या कानाचं!" तो स्वतःच हसला होता. तीही हसली होती. आता ते आठवून ती तरातरा काउंटरकडे गेली.

काउंटरमागे एक उंच, नीट दाढी कोरलेला तरुण उभा होता. गळ्यात ओळखपत्र : विरल, फाउंडर.

"हा फोटो कुणाचा आहे?" विशाखानं हिंदीत विचारलं.

"आपल्या सुरतेचा एक वर्कर आहे. रिअल लोकेशन, रिअल माणूस. मॉडेल नाही घेतला आम्ही," तो कौतुकाची वाट पाहत म्हणाला.

"नाव काय त्याचं?"

विरलनं मागे उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले.

"प्रमोद भाऊराव तायडे," विशाखा म्हणाली. "माझा भाऊ आहे तो."

"अरे बेन!" विरलचे डोळे चमकले. "आ तमारा भाई छे? काय सांगता! आणि तुम्ही स्वतः इथे, शौकीन म्हणून? ही तर केवढी मोठी स्टोरी आहे! भाऊ लूमवर, बहीण ऑडिओवाली. दोन मिनिटं कॅमेऱ्यासमोर बोलाल? कृपा, कॅमेरा आण गं."

"मला बोलायचं नाही. हा फोटो काढा. त्याला कुणी विचारलं नव्हतं."

"परवानगी आहे ना. शेडच्या शेठनी लेखी दिलीय."

"तोंड शेठचं आहे का?"

विरल हसला. समजूतदार, दमलेलं हसू. दुकानात हट्ट करणाऱ्या पोराकडे बघून हसावं तसं. "बेन, आम्ही त्यांचा सन्मानच केलाय. बघा ना, किती डिग्निफाइड दिसतायत. लोकांना कळायला पाहिजे की हे लोक कसल्या नरकात काम करतात."

"आणि कळल्यावर लोक काय करतायत? हसतायत. ते बघा." खोलीत एक पोरगी कान दाबून उड्या मारत होती आणि बाहेर तिच्या मैत्रिणी खिदळत होत्या. "मीही रांग लावली. माझा भाऊ रोज बारा तास ज्यात उभा राहतो ते तुम्ही जत्रेतल्या मौत का कुआँसारखं लावलंय. त्याला एक हेडफोन तरी दिलात का? कबूल केलं होतं तुमच्या माणसांनी."

आवाज चढला तसे आसपासच्या टेबलांवरचे लोक कानांवरून एकेक बाजू सरकवून बघू लागले. शुभमनं तिचा दंड धरला. "विशाखा, जाऊ दे ना. सगळा ग्रुप इथे आहे. आपली काय इमेज होईल?"

"आपली?" तिनं हात झटकला. "भिंतीवर तुझा भाऊ टांगलाय का?"

ती हॉलबाहेर आली आणि प्रमोदला फोन लावला. त्या आठवड्यात त्याला रात्रपाळी होती. दिवसा तो घरी झोपलेला असे. फोनवर त्याच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत ओरडणं. "काय? कोन? जोरानं बोल!" शेवटी तिनं परत आत जाऊन त्या भिंतीचा फोटो काढून पाठवला आणि खाली पत्ता लिहिला.

तासाभरात प्रमोद आला, इस्त्रीचा निळा शर्ट घालून, केसांना पाणी लावून. दारावरच्या रखवालदारानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पास मागितला. पास नाही म्हटल्यावर बाजूला उभं केलं. विशाखा आतून धावत आली. "पास काय मागता? आत भिंतीवर बघा जाऊन, केवढा पास लावलाय त्याचा!" रखवालदाराला काही कळलं नाही, पण तिच्या तोंडाकडे बघून त्यानं प्रमोदला सोडलं.

तिला वाटलं होतं, फोटो बघून प्रमोद भडकेल. तिला तो भडकायलाच हवा होता. पण प्रमोद फोटोसमोर उभा राहिला, तोंडावर हात ठेवला आणि लाजून हसला.

"आई शप्पथ! केवढा केला वं मले!"

मग त्यानं मोबाइल तिच्या हातात दिला आणि फोटोशेजारी ताठ उभा राहिला. "काढ एक. आईले दाखवू."

विरल धावत आला. "प्रमोदभाई! आमचे हिरो!" म्हणून त्यानं मिठीच मारली. लोक जमले. कुणी सेल्फी घेतला. ज्या पोरी मघाशी खिदळत होत्या त्यांनीही घेतला. प्रमोद प्रत्येकाकडे बघून मान डोलवत होता. अर्ध्याहून अधिक बोलणं त्याला ऐकू येत नव्हतं, हे विशाखाला दिसत होतं, बाकी कुणाला नाही. आता तिचा राग विरलवरून निघून भावावर येऊन बसला.

"दादा, लाज नाही वाटत? नरक म्हणलंय त्यांनी तुझ्या कामाला. तुझ्या जिवावर माल विकतायत."

"तू काहून एवढा कल्ला करून राह्यली?" प्रमोदचं हसू उतरलं. त्याचा आवाज नेहमीसारखा गरजेपेक्षा मोठा होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "उभ्या जन्मात कोनी माहा एवढा फोटू लावला नाही. बापाचा तर भिंतीवर लावाले पन नव्हता एक. घडीभर खुश होऊ दे ना मले. तुले शौक आहेत, मले नाही का?"

तिला त्याच्या एका थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही तिनं गिळलं.

"प्रमोदभाई, तुम्ही स्वतः करून बघा ना," विरल लूम रूमचं दार उघडत म्हणाला. कॅमेरेवाली मुलगी पुढे सरसावली. "तुमचाच आवाज आहे, तुमच्याच शेडचा."

प्रमोद आत गेला. आवाज सुरू झाला. तो दचकला नाही, कान दाबले नाहीत. रोजच्या जागेवर उभं राहावं तसा उभा राहिला. बाहेरच्यांची थोडी निराशाच झाली. मग विरलनं काचेतून खूण केली, प्रमोदनं हेडफोन चढवला, बटण दाबलं. सगळे त्या भिंतीवरच्या हसण्याची वाट बघू लागले.

ते आलं नाही. प्रमोदच्या कपाळाला आठी पडली. त्यानं डोकं हलवलं, कानात पाणी गेल्यावर हलवावं तसं. हेडफोन दाबून बसवला. मग त्याचा चेहरा विशाखानं कधी पाहिला नव्हता असा झाला. त्यानं हेडफोन ओरबाडून काढला, खुर्चीवर टाकला आणि बाहेर आला.

"बिघाड आहे तुमच्या यंत्रात," तो विरलला म्हणाला. "शिट्टी वाजते."

"शिट्टी? शक्यच नाही." विरलनं आत जाऊन तोच हेडफोन लावून बघितला. "काही नाही, भाई. एकदम क्लिअर."

"अरे वाजते ना! लई बारीक. प्रेशर कुकरसारखी, थांबतच नाही. आताही वाजून राह्यली." प्रमोद बोलता बोलता थांबला. हेडफोन तर आतच होता.

अशा मुलाखती विशाखानं टंकल्या होत्या. कानाच्या डॉक्टरांच्या, कारखान्यातल्या माणसांच्या. शिट्टी यंत्रात नव्हती. ती प्रमोदच्या कानांतच होती, कदाचित कित्येक वर्षं. शेडमध्ये लूम तिला झाकत, घराखालच्या मशीन झाकत, मोठ्यानं लावलेला टीव्ही झाकत. यंत्रानं बाकी सगळं पुसलं आणि तेवढी एक शिट्टी त्याच्यासमोर उघडी पाडली. तिला जी शांतता मिळाली होती, ती त्याच्या नशिबात कुठल्याच यंत्रानं यायची नव्हती.

तिनं त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि हळू, सुटे सुटे शब्द करून सांगितलं. प्रमोद ऐकत राहिला. त्यानं एकदा स्वतःचा कान चोळला. मग भिंतीकडे बघितलं, त्या डोळे मिटून हसणाऱ्या माणसाकडे.

"हे खोटं आहे," तो म्हणाला.

"काय खोटं, भाई?" विरल.

"हे हसू. त्यायनं मले म्हनलं होतं, डोळे मिट आन् हास. ते टोपडं चालू पन नव्हतं तवा. मी हासलो. आता काढ हा फोटू."

"प्रमोदभाई, आत्ताच तर तुम्ही इतके खुश होतात—"

"आता नाही."

"रविवारपर्यंतचं प्लॅनिंग आहे. नंतर बोलू ना आपण. तुम्हाला एक पीस गिफ्ट देतो, चालेल? आत्ता, कॅमेऱ्यासमोर."

प्रमोद भिंतीकडे गेला, स्टूल ओढलं, वर चढला आणि फ्लेक्सच्या कोपऱ्याची नायलॉनची दोरी सोडायला लागला. फाडलं नाही काही. लूमवर धाग्यांच्या गाठी बांधण्या-सोडण्यात त्याचा जन्म गेला होता; बोटं भराभर चालली. विरल ओरडला. दोन रखवालदार धावले, त्यातल्या एकानं प्रमोदचा पाय धरला. विशाखानं त्या रखवालदाराच्या मनगटाला असा हिसका दिला की तिची बांगडी फुटली. "हात लावायचा नाही! त्याचं तोंड आहे ते, तो नेईल!" शुभम कुठे गर्दीत मागे सरकला, तिनं पाहिलंही नाही. प्रमोदचा चेहरा वरून सुटला, पुढे लवला आणि गालिच्यावर घसरत पडला.

दोघांना हॉटेलबाहेर काढलं. पोलिसांना बोलवू, अशी धमकी दिली, पण बोलवलं नाही; पहिल्याच दिवशी बोभाटा नको होता त्यांना. फ्लेक्स आतच राहिला. घरी आल्यावर रंभाबाईनं विशाखाचं खरचटलेलं मनगट बघितलं आणि विचारलं, "काय झालं वं माय?" तेव्हा प्रमोद म्हणाला, "आई, माह्या कानात शिट्टी वाजते. तुले ऐकू येते का?" आणि लहान पोरासारखं डोकं तिच्यापुढे केलं. रंभाबाईनं खरोखर आपला कान त्याच्या कानाला लावला. विशाखाला ते बघवलं नाही. ती आत निघून गेली.

शनिवारी दुपारी शुभमचा मेसेज आला. 'प्रॉब्लेम सॉल्व्ह. त्यांनी प्रमोदभाऊंचा फोटो बदलला. आता शांत हो प्लीज, ग्रुपवर माफी माग, मी बोलून ठेवलंय.' सोबत नव्या फ्लेक्सचा फोटो. तोच हेडफोन, तीच ओळ, नरक आणि स्वर्ग. चेहरा दुसरा होता, पण तोही तिनं ओळखला. भिकन महाजन. प्रमोदच्या शेजारच्या लूमवरचा.

विशाखानं फोन प्रमोदपुढे धरला. तो जेवत होता. घास तसाच ताटात ठेवून त्यानं हात धुतला आणि पायांत चप्पल सरकवली.

भिकन पलीकडच्या गल्लीत राहायचा. बायको भागीरथी दारात भाजी निवडत होती. भिकननं फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"हाऊ मना फोटू शे?" तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. "माले कोनी इचारं नही." मग बायकोनं ती हिंदी ओळ वाचून दाखवली आणि त्याचं डोकं फिरलं. "नरक? मना पोरे नरकनं खातस का?"

रात्री कामावर जाण्याआधी प्रमोद आणि भिकन शेडमधल्या आणखी कितीतरी जणांकडे जाऊन आले. विशाखानं प्रत्येकाचं नाव विचारून मोबाइलवरून प्रदर्शनाचे पास काढले. नोंदणीत एक रकाना होता, 'तुम्ही कोणत्या प्रकारचे श्रोते आहात?' तिनं सगळ्यांसाठी एकच उत्तर भरलं, 'व्यावसायिक'.

रविवारी शेडला सुट्टी होती. दहा-बारा जण हॉटेलच्या दारात उभे राहिले तेव्हा शुक्रवारचाच रखवालदार होता. त्यानं एकेक पास तपासला, पुन्हा तपासला. विशाखा शेजारी उभी होती. "काही कमी आहे का?" तिनं विचारलं. कमी काही नव्हतं. त्याला दार उघडावं लागलं.

ते कुणाशी भांडले नाहीत. सरळ 'स्तब्ध'च्या स्टॉलवर जाऊन रांगेत उभे राहिले. त्या रांगेत दुसरं कुणी उभं राहीना. जो कुणी बघायला थांबे त्याला भिकन फ्लेक्सखाली उभा राहून खणखणीत आवाजात सांगे, "हाऊ मीच शे. माले कोनी इचारं नही." शेडमधल्यांना हळू बोलता येत नाही. त्यांचं साधं बोलणंसुद्धा हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचत होतं. लोक कानांवरचं काढून वळू लागले. पाच मिनिटांत कुठल्याच टेबलावर कुणाला काही नीट ऐकता येईना.

ते टक्कल पडलेले आजोबा पुढे आले आणि विशाखाला म्हणाले, "बेटा, तुमचं म्हणणं खरं असेल. पण ही जागा नाही. लोक इथे ऐकायला आलेत."

"मग ऐका ना," विशाखा म्हणाली. "दोन दिवस काचेतून हसत होतात, आता माणसं बोलतायत तर जागा नाही?" आजोबा लाल झाले आणि मागे फिरले. तिला त्यांचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

प्रदर्शनाच्या आयोजक बाई आल्या. त्यांनी भिकनला काही विचारलं नाही, प्रमोदलाही नाही. त्या विरलला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाकीचे स्टॉलवाले तक्रार करतायत. ते बॅनर काढ आणि ती खोली बंद कर, आत्ता." चूक कुणाची, हा प्रश्नच नव्हता, गोंगाट थांबायला हवा होता, इतकंच. विरलच्या माणसांनी फ्लेक्स उतरवला. लूम रूमचा दिवा गेला, आवाज थांबला. जाता जाता विरल विशाखासमोर थांबला. त्याचं ते समजूतदार हसू आता गेलं होतं.

"झालीस खुश?" तो म्हणाला. बेन गेलं, अहोजाहोही गेलं.

"नाही," विशाखा म्हणाली.

आणि ते खरं होतं. फ्लेक्स उतरला, पण मोबाइलवरच्या जाहिरातीत प्रमोद आणि भिकन अजून हसतात. तिनं किती वेळा तक्रार केली, उत्तर येत नाही. शेठनं त्या दहा-बारा जणांचा एकेक दिवसाचा पगार कापला, कारण न सांगता. ग्रुपवरून तिला काढून टाकलं. शुभमनं खासगीत लिहिलं, 'मला तुझं पटतं, पण पद्धत चुकली.' तिनं तो नंबर पुसून टाकला.

प्रमोदला तिनं सरकारी दवाखान्यात नेलं. तो आधी तयार नव्हता. मी बहिरा नाही, म्हणाला, इतक्या जोरात की शेजारीण डोकावली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सरळ सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं तरी सांभाळा. आता तो कानांत फोमचे बोळे घालून लूमवर उभा राहतो. पहिले काही दिवस लोकांनी चेष्टा केली, नवरदेव कानात अत्तराचा फाया घालून आला म्हणाले. मग भिकननं मागून घेतले. आणखी काहींनी घेतले. शेठनं ते बघून विचारलं, "हे काय नवीन नाटक?" तेव्हा प्रमोदनं बोळे न काढताच उत्तर दिलं, "ऐकू नाही आलं, शेठ."

हे घरी सांगताना तो हसला, खराखुरा. रंभाबाईही हसली. विशाखा हसली नाही. ती कॉम्प्युटरसमोर बसली, तिचा जुना हेडफोन कानांवर चढवला. समोर कुठल्यातरी कामगार न्यायालयातल्या सुनावणीचं रेकॉर्डिंग होतं, आणि साक्षीदार काय म्हणतोय ते न्यायाधीशसाहेबाला तिसऱ्यांदा विचारूनही समजत नव्हतं. तिला मात्र शब्द न् शब्द ऐकू येत होता. ती टंकायला लागली, कीबोर्डची बटणं फुटतील इतक्या जोरात.